कॅन्टीनचा चमचा

रंगपंचमीनंतर जो पहिला भांग लागतो
त्या पहाटे आम्ही दिवाळ्याच्या जेटीवर जमतो.
कुणी कुणाला फोन करत नाही.
एकोणीस वर्षं झाली, पाणीच सांगतं.

हिराजी मढवी होडीतलं पाणी उपसत असतो
अर्ध्या कापलेल्या तेलाच्या डब्यानं.
विल्फ्रेड येतो ठाण्याहून, उथळसरच्या बेकरीतले गरम पाव घेऊन,
कुट्टप्पन कोपरखैरण्याहून, गुडघ्याला पट्टा बांधून.
मी सानपाड्याचा, जवळ राहून सगळ्यांत उशिरा.
"आले सुपरवायझर," हिराजी म्हणतो.
कंपनीला टाळं लागून एक तप झालं
पण माझी बढती अजून चालूच आहे.

तिवरांच्या कडेकडेनं निघतो.
चिखलावर निवट्या उड्या मारतात,
मागे पाम बीचचे दिवे एकेक करून विझतात,
आणि डबे उघडतात.

विल्फ्रेडचा डबा म्हणजे सराफाचं दुकान:
मस्कतहून मुलानं पाठवलेले जपानी मासे, रबरी कोळंब्या,
पोटात छर्रे खुळखुळणारे,
एकाचे डोळे तर इतके जिवंत की आपण नजर चुकवावी.
कुट्टप्पनकडे एकच, हिरव्या पाठीचा,
त्याला दरवर्षी तो बायकोचं नेलपॉलिश लावून आणतो.
हिराजी या सगळ्याला खेळणी म्हणतो
आणि जिवंत कोळंबी गळाला टोचतो.

माझा चमचा होता.
कॅन्टीनमधला, स्टीलचा, देठ कापलेला.
कुट्टप्पननंच टूलरूममध्ये दोन भोकं पाडून दिली होती,
दुपारच्या पाळीत, फोरमनची पाठ वळल्यावर.
पोटात कंपनीचा ठसा: तीन अक्षरं आणि एक दातेरी चाक.
पाण्यातून ओढला की लंगडत यायचा
जखमी बोईटासारखा,
आणि लंगडं काही दिसलं की जिताड्याला राहवत नाही.

गेल्या साली गेला तो.
पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी दोरी जड झाली,
रीळ किंचाळलं,
एक रुंद रुपेरी कूस पाण्यावर वळली
आणि मग दोरीत नुसता वारा.
तेव्हा विल्फ्रेड म्हणाला होता, आठ किलो. हिराजी म्हणाला, चार.
यंदा दोघांच्याही तोंडी तो पंधरा झाला आहे.
कंपनीचं नाव आता फक्त त्याच्या ओठात.
थकलेला पगार मागायचा तर त्यालाच गाठायला हवं.

"घे यातला कुठलाही," विल्फ्रेडनं डबा पुढे केला.
मी बोट फिरवलं जपान्यांवरून,
लग्नात दुसऱ्याचा कोट घालायचा तसं वाटलं.

तेव्हा कुट्टप्पननं खिशातून रुमाल काढला.
रुमालात चमचा.
तीच तीन अक्षरं, तेच चाक.
"शेवटच्या दिवशी मी पण एक आणला होता," तो म्हणाला,
जणू टूलरूमचं रजिस्टर अजून कुणीतरी तपासणार आहे.
भोकं या वेळी घरी पाडलेली, वाकडी.
हात हलतो आता त्याचा. आम्ही बोललो नाही.
वास घेतला तर कैरीचं लोणचं.

टाकला.
लंगडायचं सोडून तो गिरक्या घेऊ लागला,
शिमग्यातल्या सोंगासारखा,
आणि दोरीला असा पीळ भरला
की ओढून घेतली तेव्हा हातात सुगरणीचं घरटं.
हिराजी हसून हसून होडी डुलवतो.
चार टकली एका गुंत्यावर वाकलेली,
भरती लागून उलटायला आली तरी
एक गाठ सुटते, दोन नव्या सापडतात.
मासा? विल्फ्रेडला एक शिंगाळा, तोही रागावलेला.

मग कुट्टप्पनचा फोन वाजला.
तो मल्याळममध्ये बराच वेळ "हं, हं" करत राहिला,
फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाला,
"ओमना विचारते, लोणच्याच्या बरणीतला चमचा कुठे गेला?"

दोरी माझ्या बोटांत.
टोकाला तो, उन्हात लखलखत, देठ नसलेला.

"सांग, शोधतायत," हिराजी म्हणाला,
"चौघंजण."